लेझर होडीच्या डोलकाठीत तुटलेला तुकडा अडकलाय, कसा काढावा?

वाघोटनकाठ

नमस्कार मंडळी. शिडाच्या होडीबद्दल इथे फारसं कुणी लिहीत नाही. पण लेथवर काम करणारे आणि दर्यावर जाणारे असे दोन्हीकडचे लोक इथे आहेत, म्हणून विचारतो.

आमच्याकडे जुनी लेझर होडी आहे. 4.2 मीटर लांब, एकट्याने चालवायची, एकच शीड. विजयदुर्गच्या मागच्या वाघोटन खाडीत, गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, तिथून थोडं आत आम्ही ती पाण्यात उतरवतो. गावातली सातवी-आठवीच्या पुढची मुलंमुली हिच्यावरच शीड शिकतात. दुसरी होडी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लेझरची डोलकाठी म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन नळ्या. वरची नळी खालच्या नळीत साधारण फूटभर आत बसते. जोडाच्या जागी वरच्या नळीवर प्लास्टिकची कॉलर असते, ती एका रिव्हेटने पक्की केलेली. वरच्या नळीच्या बुडालाही प्लास्टिकचं बूच असतं. म्हणजे दोन्ही नळ्या एकमेकींना थेट लागत नाहीत, कॉलर आणि बूच या दोन जागीच टेकतात.

रविवारी दुपारी खारा वारा चांगलाच चढला आणि वरची नळी बरोबर त्या रिव्हेटच्या भोकातून मोडली. होडीवरची मुलगी पाण्यात गेली, पण अंगात लाइफ जॅकेट होतं आणि आमची मोटरची होडी जवळच होती, तिला काही लागलं नाही. शीड आणि वरचा लांब तुकडा हाती आला. कॉलर, बूच आणि त्यामधला फूटभर नळीचा तुकडा मात्र खालच्या नळीत घट्ट बसलाय. डब्ल्यूडी-40 मारून रात्रभर ठेवलं. पकडीने काठ धरून फिरवून पाहिलं, तर काठच चिमटला, तुकडा तसूभर हलला नाही.

तुटलेला तुकडा गेला तरी चालेल. खालची नळी मात्र वाचायलाच हवी. आमच्याकडे रॅडिअल, म्हणजे 5.76 चौरस मीटरचं शीड आहे आणि त्याची खालची नळी वेगळ्या लांबीची असते. वरची नळी लेझरच्या तिन्ही शिडांना एकच चालते, त्यामुळे ती कुठूनतरी मिळेल. खालची मिळवणं कठीण आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलं परत येतील, त्याआधी होडी उभी करायची आहे.

एनएच66

खालच्या नळीचं बूड बंद असेल ना? त्याला व्हॉल्व्ह बसवा आणि टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरा. एका झटक्यात वर येईल. ट्रॅक्टरच्या सिलिंडरमधला पिस्टन आम्ही असाच काढतो.

मिरकरवाडा

गॅस वेल्डिंगवाल्याकडे न्या. बाहेरची नळी लाल होईस्तोवर नाही, पण चांगली तापवायची. ती फुगते, आतला तुकडा ढिला होतो. बेअरिंग काढायची हीच पद्धत.

सुरंगी

थांबा, दोन्ही करू नका. मी धातुशास्त्र शिकवते, जरा सविस्तर लिहिते.

आधी गॅसबद्दल. लोखंडासारखं अ‍ॅल्युमिनिअम लाल होऊन इशारा देत नाही, रंग न बदलताच ते वितळायच्या जवळ जातं. त्याच्याही खूप आधी दुसरं नुकसान होतं. डोलकाठीच्या नळ्या ज्या मिश्रधातूच्या असतात त्याला ताकद येते ती कारखान्यात ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ भाजून. 200 अंशांच्या वर गॅसची ज्योत फिरवलीत की ती ताकद त्या जागेपुरती उतरते. नळी दिसायला तशीच राहील, पण पुढच्या जोराच्या वाऱ्यात तिथेच वाकेल. आणि जोडाची जागा तर डोलकाठीवर सगळ्यात जास्त ताण घेणाऱ्या जागांपैकी एक.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे अडकलंय ते प्लास्टिक. अ‍ॅल्युमिनिअम एका अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षांश 23 भाग फुगतं. अशा कॉलरी ज्या प्लास्टिकच्या करतात ती 70 ते 100 भाग फुगतात, म्हणजे तिप्पट-चौपट. सगळा जोड मिळून तापला तर कॉलर नळीपेक्षा जास्त फुगेल आणि आणखी घट्ट धरेल. बेअरिंगची पद्धत इथे उलटी पडते. आतून गार करा, बाहेरून फक्त गरम पाणी. उकळत्या पाण्याने नळीची ताकद जात नाही.

आकडा काढून बघितला. नळीचा आतला व्यास 58 मिलिमीटर धरला आणि बाहेरून 50 अंशांनी तापवली, तर भोक 0.07 मिलिमीटरने मोठं होतं. आतला तुकडा आणि कॉलर 40 अंशांनी गार केले तर तेही तितकेच आकसतात. मिळून 0.13 - 0.14. ऐकायला कमी वाटेल, पण मिठाने आणि पांढऱ्या गंजाने धरलेला जोड सुटायला एवढं पुष्कळ असतं.

वाघोटनकाठ, रिव्हेट कसला होता? आणि मोडलेल्या कडेचा फोटो टाकता का?

कानस

एनएच66, पिस्टनचं तुमचं खरं आहे, पण हा हिशेब बघा. 58 मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ 26 चौरस सेंटिमीटर. टायरवाल्याची हवा चौरस सेंटिमीटरला 7 किलो. म्हणजे तुकड्यावर 180 किलोच्या वर रेटा. तो रेटा तुकडा सुटल्यावर थांबत नाही, कारण दाबलेली हवा मागून ढकलतच राहते. फूटभर लांबीची, फाटक्या कडांची नळी माणसाच्या अंगावर येईल. पाण्याच्या दाबाने केलं तर एवढा धोका नाही, पाणी दबत नाही, तुकडा हलला की दाब लगेच उतरतो. पण डोलकाठीला बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, कड्याचे रिव्हेट आहेत, त्यांच्या भोकांतून पाणी गळणार. सगळं बंद करत बसण्यापेक्षा ओढून काढणं सोपं.

माझा उभा जन्म लेथवर गेला, डोलकाठी कधी हातात आली नाही. तरी अडकलेला बुश म्हणून बघितलं तर हे आमचं रोजचं काम आहे. मला मापं द्या: आतल्या तुकड्याचा आतला व्यास, खालच्या नळीचा आतला-बाहेरचा व्यास, तुकडा किती खोल आहे, बुचाला मध्ये भोक आहे का.

देवगडचो नाखवा

माका एक सांगूचा हा. आमच्या लाँचीचो शाफ्ट असोच बुशात धरलेलो. हातोडो मारूचो नाय. वरसून घण मारलास तर कडा फुलता आणि आतलो तुकडो आणखीच खाली बसता. ताय सांगता ता बरोबर हा, गार करा. बर्फ व्हयो तर देवगडच्या जेटीर येवा, फोडलेलो बर्फ गावता. माझ्या नावार घेवा, पैशे देव नकात. पोरांसाठी हा ना ता.

मांडवी

आमच्याकडे तांब्याच्या भांड्यांना आमसूल लावतात तसं आमसुलाचं पाणी किंवा व्हिनेगर आत ओतलं तर गंज सुटेल का?

सुरंगी

मांडवी, तांब्यावरचा हिरवा-काळा थर आम्लाने निघतो. अ‍ॅल्युमिनिअमवर मात्र आम्ल गंजाबरोबर धातूही खायला लागतं, आणि ते आत कुठे, किती खाल्लं ते दिसणार नाही. मीठ विरघळवायला साधं गोडं पाणी पुरतं. नळी उभी करून गरम गोडं पाणी वरून भरा आणि काही तास तसंच राहू द्या, हे नक्की करा. अ‍ॅसिटोन आणि गिअर ऑइलचं मिश्रणही कुणीतरी सुचवेल, ते लोखंडी बोल्टसाठी चांगलं असतं. इथे अ‍ॅसिटोनने कॉलर लिबलिबीत होण्याची शक्यता आहे, शिवाय ते पेट घेतं.

वाघोटनकाठ

सगळ्यांचे आभार. नाखवा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मोडलेली कड आज सकाळी उजेडात नीट पाहिली. रिव्हेटच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरभर पट्टा काळपट-पांढरा आहे, त्यावर पीठ धरलंय. उरलेली कड स्वच्छ, चकचकीत. म्हणजे निम्मी चीर जुनीच होती, कॉलरच्या आड झाकलेली. रिव्हेट अ‍ॅल्युमिनिअमचाच आहे, पण त्याच्या पोटात लोखंडी खिळ्याचं डोकं आहे आणि ते गंजून तांबूस झालंय.

मापं, व्हर्नियरने: खालची नळी बाहेरून 63.5, आतून 58. आतला तुकडा बाहेरून 51, आतून 45. तुकड्याची वरची कड नळीच्या तोंडापासून थोडी वर आहे, कॉलरचा काठ खालच्या नळीच्या तोंडावर बसलाय. बूच साधारण फूटभर खाली, त्याला भोक नाही.

सुरंगी

तो काळपट पट्टाच कारण आहे. पॉप रिव्हेट ओढला की त्याच्या खिळ्याचं डोकं आतच राहतं. अ‍ॅल्युमिनिअमला लोखंड चिकटून आणि वर समुद्राचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनिअम. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून जोड आवळत जातो. भोक आधीच कमजोर जागा, त्यात हे. चीर तिथूनच निघणार.

कानस

मापं बघून ठरवलं. आपण खेचणी बनवू. नीट वाचा, मग देवगड-कणकवलीत कुठल्याही लेथवाल्याकडून करून घ्या. जवळ असता तर मीच केली असती.

12 मिलिमीटरचा पूर्ण आट्यांचा रॉड घ्या, दोन फुटांचा. त्याच्या एका टोकाला 5 मिलिमीटर रुंद उभी खाच पाडायची. त्या खाचेत 5 मिलिमीटर जाडीची, 54 मिलिमीटर लांबीची लोखंडी पट्टी 6 मिलिमीटरच्या पिनवर लटकवायची, पण पिन मधोमध नाही, जराशी एका बाजूला. पट्टी हाताने उभी धरली की रॉडच्या रेषेत दुमडते आणि अरुंद भोकातून जाते. खाली मोकळी जागा मिळाली की वजनाने आडवी होते. वर ओढलं की बुचाखाली अडते. पट्टीची टोकं कानशीने गोल करा, हे विसरू नका, नाहीतर खालच्या नळीच्या आत ओरखडे उठतील आणि नवी चीर तिथून सुरू होईल.

बुचाला 18 मिलिमीटरचं भोक पाडायचं. बूच फूटभर खाली असल्याने ड्रिलच्या बिटला लांब दांडा लागेल. सुतारांकडे चपट्या बिटचा लांबवायचा दांडा असतो, तो बघा. हळू पाडा, प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं.

आता ओढताना जोर कशावर घ्यायचा हा मुख्य प्रश्न. खालच्या नळीच्या तोंडावर घेता येणार नाही, कारण तिथे कॉलरचा काठ बसलाय, त्याच्यावर दाब आला तर आपणच कॉलर आत रेटू. म्हणून नळीला बाहेरून पकडायचं. फणसाचे दोन जाड ठोकळे घ्या, दोन्हींना अर्धगोल खाच, नळीवर बसतील अशी. आत सायकलची जुनी ट्यूब, आणि चार बोल्टांनी आवळा. त्या ठोकळ्यांवर अडीच इंची जीआय पाइपचा फूट-सव्वा फुटाचा तुकडा उभा ठेवा. त्याचं भोक 68 मिलिमीटरच्या आसपास असतं, कॉलरचा काठ त्यातून आरामात वर येईल. पाइपच्या डोक्यावर 10 मिलिमीटरची प्लेट, प्लेटला मध्ये भोक, त्यातून रॉड वर, मोठा वॉशर, नट. नट आवळला की तुकडा वर येणारच.

जोर किती? 12 मिलिमीटरच्या नटला 40 न्यूटन-मीटर दिलेत तर दीड टनाच्या वर ओढ येते. एवढी लागणार नाही, आणि माझी पिन एवढ्यासाठी नाही. साधा पाना, एका हाताचा जोर. त्याने हललं नाही तर थांबून गार-गरम करा, पाना लांब करू नका.

मुरूडचा कोळी

कानसकाका, हे छापून ठेवण्यासारखं आहे. एक शंका, हॅक्सॉच्या पात्याने आतल्या तुकड्याला उभा छेद देऊन तो आत दुमडला तर? आम्ही अडकलेल्या पीव्हीसी पाइपला तसं करतो.

कानस

होतं, पण शेवटचा उपाय म्हणून. पातं कुठे तुकडा संपून खालच्या नळीला लागलं ते हाताला कळत नाही. पीव्हीसीच्या पाइपला ओरखडा पडला तर पाणी अडत नाही. डोलकाठीला पडला तर काय होतं ते वर सुरंगीताईंनी लिहिलंय.

वाघोटनकाठ

खेचणी झाली! देवगडच्या एका लेथवाल्याने कानसकाकांचं वर्णन मोबाइलवर वाचूनच काम केलं. पिन मधोमध का नाही हे त्याला समजावावं लागलं नाही. ठोकळे गावातल्या सुतारांनी दिले, फणसाचेच.

आज ओढायला घेतलं. नळी उभी करून गोडं गरम पाणी भरून ठेवली होती ती रिकामी केली. पाण्याबरोबर राखाडी चिखल आणि वाळू आली. नळी ओट्यावर आडवी टाकून बुचाला भोक पाडलं. पट्टी आत सोडली, दोन बोटांनी रॉड हलवला तेव्हा खाली टक् करून आडवी झाली, आवाज स्पष्ट आला. ठोकळे आवळले, पाइप ठेवला, नट हाताने टेकवला.

पहिल्या आवळणीत तुकडा नाही, ठोकळेच नळीवरून सरकले. ट्यूबची रबर ओल्या नळीवर घसरत होती. नळी कोरडी पुसून परत आवळले तरी थोडे सरकतात. अजून आवळले तर नळी चेपेल अशी भीती वाटते. काय करावं?

देवगडचो नाखवा

राळ लावा. होडयेच्या फटी भरूक आणतो ती राळ. बारीक कुटून ट्यूबार भुरभुरवा, नळयेरसुद्धा. मगे बगा कशी धरता ती.

कानस

नाखव्यांचं ऐका. आम्ही पट्ट्याच्या मशीनवर पट्टा घसरू नये म्हणून राळच लावायचो. बोल्ट जास्त आवळू नका, पकड राळ देईल.

सुरंगी

गार करताना एक गोष्ट. नुसता बर्फ शून्यापर्यंतच नेतो. वजनाने तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ मिसळलंत तर शून्याच्या खाली 15 - 20 अंशांपर्यंत जाता येतं. कुल्फीच्या हंडीभोवती घालतात तेच मिश्रण. पण ते खारं पाणी अ‍ॅल्युमिनिअमला लागू देऊ नका. मुलांच्या पेप्सीकांड्यांच्या लांब पातळ पिशव्या असतात, त्यांत मिश्रण भरून तोंड बांधा आणि रॉडच्या भोवती तुकड्यात खोचा. पिशवीमुळे गारवा पोचायला वेळ लागेल, तेवढा द्या. गरम पाणी अगदी शेवटी, एकदम, जोडाच्या जागी बाहेरून. आधीपासून ओतत बसलात तर गरमी आत झिरपेल आणि बर्फाचा उपयोग जाईल. नट त्याआधी ताणून ठेवा.

वाघोटनकाठ

निघाला.

राळेने ठोकळ्यांनी असं धरलं की पाना फिरवताना अख्खी डोलकाठी हलत होती, दोन मुलांना ती धरून बसावं लागलं. नाखव्यांनी बर्फ टेम्पोत घालून पाठवला होता, खूपच जास्त. उरलेल्यात माझ्या बायकोने सरबत केलं सगळ्यांना.

पेप्सीकांड्यांच्या पिशव्या भरून तुकड्यात कोंबल्या. नट ताणला, एका हाताच्या जोराने जेवढा येईल तेवढाच. काही झालं नाही. मग वाट पाहिली. तुकड्याच्या वरच्या कडेवर आधी दव आलं, मग ते पांढरं झालं. सप्टेंबरच्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनिअमवर हिम धरलेलं मुलांनी कधी पाहिलं नव्हतं, सगळी त्यावर बोट लावून बघत होती. तेव्हा ज्या मुलीच्या हातात डोलकाठी मोडली होती तिला म्हटलं, आता तू ओत. जोडाभोवती जुना टॉवेल गुंडाळला होता, त्यावर तिने किटलीतलं उकळतं पाणी एका दमात ओतलं.

आवाज झाला, खट्ट असा कोरडा. नट एकदम हाताला सैल लागला. मला वाटलं पिन तुटली. पाहतो तर कॉलरचा काठ नळीच्या तोंडापासून नखभर सुटलेला. त्यानंतर जड गेलं नाही. या रॉडचा नट एका पूर्ण फेऱ्याला पावणेदोन मिलिमीटर वर घेतो, त्यामुळे वेळ खूप गेला. मुलं आळीपाळीने पाना फिरवत होती. मध्ये एकदा परत धरल्यासारखं वाटलं, तेव्हा पिशव्या बदलल्या आणि परत किटली. शेवटचे चार बोटं हाताने ओढूनच आलं.

बाहेर आलेल्या तुकड्याचं वर्णन लिहितो, कुणाला उपयोग होईल. कॉलर शाबूत आहे. तिच्या बाहेरच्या अंगावर वाळूचे कण रुतून बसलेत, उभ्या रेघा पडल्यात. बुचाच्या भोवती पांढऱ्या भुकटीची कडक कडी तयार झाली होती, नखाने निघत नाही. माझ्या अंदाजाने वाळूने कॉलर धरली होती आणि भुकटीने बूच, दोन्हीकडून.

खालच्या नळीत टॉर्च मारून पाहिलं. ओरखडे नाहीत. जोडाच्या जागी पांढरे डाग आहेत, बोट फिरवलं तर किंचित खडबडीत लागतात.

सुरंगी

फार छान बातमी! डाग घासताना लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका, त्याचे कण अ‍ॅल्युमिनिअममध्ये रुततात आणि परत तीच बॅटरी. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर काठीला बांधून गोड्या पाण्याने घासा. बूमच्या कड्याचे रिव्हेट आहेत तिथेही भिंगातून बघा. एका जागी चीर होती, तर त्याच मिठाच्या पाण्यात राहिलेल्या दुसऱ्या जागी असू शकते.

नवी वरची नळी आली की रिव्हेट बंद टोकाचा, पूर्ण अ‍ॅल्युमिनिअमचा घ्या, आत लोखंडी डोकं राहणार नाही असा, आणि भोकाच्या कडेला बसवताना सीलंट लावा. स्टेनलेस स्टीलचा मजबूत म्हणून घेऊ नका. तो स्वतः गंजणार नाही, अ‍ॅल्युमिनिअमला मात्र खाईल.

शिडाची दोरी

मी मुंबईत लेझर चालवते, उशिरा धागा पाहिला. दोन गोष्टी.

एक, रिव्हेटची दिशा. वारा जोराचा असताना मेनशीट, म्हणजे शीड आवळायची दोरी, ताणली की डोलकाठीचं टोक मागे ओढलं जातं आणि काठी पुढच्या बाजूला फुगते. म्हणजे पुढची बाजू ताणात, मागची दाबात. भोक ताणाच्या बाजूला आलं तर चीर उघडत जाते. वरची नळी बसवताना रिव्हेट मागे, शिडाकडे येईल असा फिरवून बसवा. आणि अधूनमधून कॉलरच्या कडेला नखाने चाचपून बघत जा, बारीक चीर डोळ्यांआधी नखाला लागते.

दोन, जोडाला ग्रीस लावू नका. पहिल्या दिवशी छान वाटतं, मग वाळू धरतं. पाण्यावरून आल्यावर दोन्ही नळ्या रोज वेगळ्या करायच्या आणि जोड गोड्या पाण्याने धुवायचा. जोडलेली डोलकाठी तशीच भिंतीला टेकवून ठेवायची नाही. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मुलांना सांगा, 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये विष्णू सरवणनला कांस्य मिळालं ते याच होडीवर, मोठं शीड लावून. आणि नेहा ठाकूरला रौप्य मिळालं तेही याच होडीवर, सगळ्यात लहान शिडावर. तुमच्या मुलांच्या होडीचा सांगाडा तोच आहे.

वाघोटनकाठ

शिडाची दोरी, मुलांना वाचून दाखवलं. सगळ्यात लहान शिडावर रौप्य मिळतं हे ऐकून एक-दोघींनी ते शीड किती चौरस मीटरचं असतं हे लगेच विचारलं. 4.7 सांगितलं, बरोबर ना? वरच्या नळीचीही सोय झाली. एका क्लबमध्ये जुनी, पण चीर नसलेली पडून होती, त्यांनी ती द्यायचं कबूल केलंय. रिव्हेट मागे येईल अशी खूण मार्करने करून ठेवतो.

शिडाची दोरी

बरोबर, 4.7.

मुरूडचा कोळी

माझ्या मेव्हण्याकडे अशीच होडी पडून आहे, तिच्याही काठीत तुकडा अडकलाय. त्याचं बूचच फुटून खाली पडलंय. मग पट्टी कशावर अडवायची?

कानस

नळीच्या बुडालाच. अ‍ॅल्युमिनिअमच्या नळीची कड बुचापेक्षा मजबूत असते. पट्टी 54 ची आहे आणि तुकडा बाहेरून 51, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर बाहेर येते. कडेवर नीट बसते. फक्त रॉड मधोमध राहायला हवा, नाहीतर पट्टी एका बाजूने सुटेल. तुकड्याच्या वरच्या तोंडात मध्ये भोक असलेली लाकडी चकती बसवा, रॉड त्यातून घ्या. बर्फाच्या पिशव्या आधी भरायच्या, चकती नंतर.

फुटलेलं बूच आधी काठी उलटी करून, हलवून बाहेर काढा. ते खाली राहिलं तर पट्टीला आडवं व्हायला जागा मिळणार नाही.

वाघोटनकाठ

मुरूडचा कोळी, खेचणी आमच्याकडे नुसती पडून आहे. ठोकळे, पाइप, प्लेट, रॉड सगळं एका पोत्यात बांधून एसटी पार्सलने पाठवतो, पत्ता व्यनि करा. काम झालं की परत पाठवा, किंवा पुढे कुणाला लागली तर त्यांच्याकडे जाऊ दे, इथे लिहा म्हणजे झालं. राळेची पुडी सोबत ठेवतो. पाठवण्याआधी मेव्हण्यांना खालच्या नळीचा आतला व्यास मोजायला सांगा. 56 पेक्षा कमी भरला तर पट्टी कानशीने घासून घ्यावी लागेल, आणि दोन्ही टोकांना सारखी.